पुसण्याची आज्ञा आणि तिचा लोप

संगणकाच्या स्मृतीत कामापुरती ठेवलेली गुप्त अक्षरे काम संपताच पुसून टाकावीत, हा नियम आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या व्यवसायात जुना आहे. मात्र त्या नियमाला धरून लिहिलेली पुसण्याची आज्ञा यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत गळून पडू शकते, ही गोष्ट त्या व्यवसायात मोठ्या प्रमाणावर बोलली जायला २००२ साल उजाडावे लागले, आणि सी या भाषेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात तिच्यावरचा सर्वांना लागू होणारा उपाय २०२४ साली छापला गेला. ही आज्ञा गाळतो तो कंपायलर, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करणारा आणि ते करता करता तिला वेगवान व आटोपशीर बनवणारा प्रोग्राम. गाळण्यात त्याची चूक नसते, आणि ती ओळ लिहिण्यात लिहिणाऱ्याचीही नसते. दोघांनी एकाच ओळीकडे दोन निरनिराळ्या शास्त्रांच्या नजरेने पाहिलेले असते. त्यांपैकी एका शास्त्राची जडणघडण काही अंशी मुंबईत, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाली, त्यामुळे हा इतिहास महाराष्ट्राच्या विद्याव्यवहाराचाही भाग आहे आणि तो मराठीत मांडला जाणे अगत्याचे आहे.

नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हदगाव हे तालुक्याचे गाव या विषयापासून दूर वाटेल, परंतु तसे ते राहिलेले नाही. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या त्या उताऱ्याचा खरेपणा तलाठ्याच्या शाईवर नव्हे, तर एका गुप्त किल्लीवर, म्हणजे ज्याच्या नावे ती आहे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसावी अशा प्रचंड मोठ्या संख्येवर टिकून राहू लागला. ही किल्ली लहानशा उपकरणात बंदिस्त ठेवली तरी ते उपकरण उघडण्याचा पिन संगणकावरच टंकावा लागतो. बँकेचा पासवर्ड, मोबाइलवर आलेला एकवेळचा अंक, एटीएमचा पिन यांचीही गत तीच आहे. नेहमीच्या पद्धतीत संगणक कूटात दडवलेल्या मजकुरावर हिशोब करू शकत नाही, म्हणून प्रत्येक गुप्त अक्षराला कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या स्मृतीत काही क्षण उघडे राहावेच लागते, आणि ते क्षण संपल्यावर तिथे काय उरते हा या लेखाचा विषय आहे.

मराठवाड्याला कागद टिकण्याचे मोल वेगळे सांगायला नको. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा तहसिलीच्या कपाटांतले, उर्दूत आणि मोडीत लिहिलेले, पिढ्यान्‌पिढ्या कोणी न उघडलेले कागद एकाएकी घराघरांच्या आयुष्याशी जोडले गेले. लेखन म्हणजे जपून ठेवण्याची वस्तू, ही समजूत या प्रदेशात अनुभवाने पक्की झालेली आहे. गुपित सांभाळण्याची परंपराही याच नांदेड जिल्ह्याच्या परिसरात मोठी आहे. माहूरशी ज्यांचे श्रद्धेचे नाते आहे त्या महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ते शतकानुशतके परक्या नजरेपासून दूर ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल अभ्यासकांना झाली तेव्हाच मराठीच्या आद्य गद्याचे भांडार खुले झाले. या परंपरेत गुपित राखणे म्हणजे ते झाकणे. मूळ मजकूर नाहीसा करण्याचा विचार तिला सुचण्याचे कारणच नव्हते. संगणकाने मात्र झाकण्याच्या जोडीला पुसण्याचे कर्तव्य आणले, कारण कूट रचताना आणि सोडवताना मूळ मजकूर व किल्ली या दोहोंच्या उघड्या प्रती यंत्रात आपोआप तयार होतात आणि कोणी मुद्दाम पुसेपर्यंत तिथेच पडून राहतात.

आरंभीच्या संगणकांवर हे कर्तव्य कोणाला जाणवले नाही, याचे कारण तेव्हाची टंचाई होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. त्याची स्मृती फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती आणि चाळीस बिटांचा एक असे मोजके शब्द तिच्यात मावत, बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढेच सांगणारे स्मृतीचे लहानात लहान एकक. अशा कड्यांची स्मृती वीज गेली तरी आपला मजकूर सोडत नाही, त्यामुळे अवशेष उरण्याचा प्रश्न तत्त्वतः तिच्यातही होता. परंतु यंत्र बंद खोलीत, त्यावर काम करणारे मोजके शास्त्रज्ञ आणि गणिते भौतिकशास्त्राची असल्यामुळे चिंता होती ती एवढ्या अपुऱ्या जागेत काम बसवण्याची. पुढे १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकी यंत्र आले आणि फोरट्रान या भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या भारतात मोठ्या प्रमाणावर चालू लागल्या. फोरट्रानचा पहिला कंपायलर आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली पुरा केला होता, आणि त्या गटाला पहिल्या दिवसापासून एकच धास्ती होती, ती अशी की यंत्राने तयार केलेल्या आज्ञा कसबी माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांपेक्षा मंद निघाल्या तर भाषेला कोणी हात लावणार नाही. कंपायलर जन्मला तोच काटकसरीचा ध्यास घेऊन, आणि पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ या ध्यासात आहे.

काटकसरीचे शास्त्र घडवण्याचे मोठे श्रेय फ्रान्सिस ॲलन आणि जॉन कॉक या आयबीएममधील जोडीला जाते. ॲलन यांना या कामासाठी २००६ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. आज्ञावली म्हणजे वाटांचे एक जाळे आहे असे मानून त्या वाटांवरून कोणते मूल्य कुठून कुठे वाहते याचा हिशोब मांडायचा, ही पद्धत साठ-सत्तरच्या दशकांत आकाराला आली, आणि १९७३ साली गॅरी किल्डॉल यांनी अशा सर्व हिशोबांना एका गणिती चौकटीत आणले. या हिशोबांना डेटा फ्लो ॲनालिसिस, म्हणजे मूल्यप्रवाहाचे विश्लेषण, म्हणतात, आणि त्यांतला एक साधा पण फार कामाचा हिशोब जिवंतपणाचा आहे. आज्ञावलीतल्या एखाद्या ठिकाणी उभे राहून पुढे पाहिले असता एखाद्या चलाचे, म्हणजे नाव दिलेल्या स्मृतीतल्या जागेचे, आताचे मूल्य निदान एका वाटेवर तरी वाचले जाणार असेल तर तो चल त्या ठिकाणी जिवंत असतो. कोणत्याही वाटेवर ते वाचले जाण्याआधी नवे मूल्य लिहिले जाणार असेल किंवा चलाची मुदतच संपणार असेल, तर तो मृत असतो. मृत चलात केलेले लेखन हे मृत लेखन, आणि ते काढून टाकले तरी आज्ञावलीच्या उत्तरात तिळमात्र फरक पडत नसल्यामुळे कंपायलर ते काढतो. हा हिशोब शेवटाकडून आरंभाकडे, उलट दिशेने चालतो, आणि प्रत्येक चलासाठी हो किंवा नाही एवढे एकच बिट पुरत असल्याने तो अतिशय झपाट्याने होतो.

बिटांच्या ओळींवर चालणाऱ्या अशा हिशोबांच्या सिद्धान्तात पवईच्या संस्थेने घातलेली भर जगाने मान्य केलेली आहे. फ्रान्समधील मोरेल आणि रेन्व्हाज या दोघांनी १९७९ साली अंशतः पुनरुक्त गणिते वगळण्याची रीत प्रसिद्ध केली. एकच बेरीज काही वाटांवर आधीच झालेली आणि काही वाटांवर व्हायची असेल, तर ती योग्य जागी हलवून दुसऱ्यांदा करावी लागू नये अशी ती रीत होती, आणि तिचा हिशोब पुढून मागे व मागून पुढे असा दोन्ही दिशांनी वाहणारा असल्यामुळे तो किचकट होता. धनंजय ढमढेरे यांनी मुंबईत बसून या रीतीतल्या अडचणी वर्षानुवर्षे सोडवल्या. १९८२ साली एस. एम. जोशी यांच्यासह आणि १९९१ साली स्वतंत्रपणे त्यांनी मांडलेल्या सुधारणा या क्षेत्रात नेहमी उद्‌धृत होतात, आणि त्यांच्या पाठ्यपुस्तकांवर भारतातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या शिकल्या. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी १९९४ साली ढमढेरे यांच्यासह एकेरी आणि दुहेरी दिशांच्या सर्व बिट-हिशोबांना कवेत घेणारा सिद्धान्त प्रसिद्ध केला, आणि २००९ साली खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा मूल्यप्रवाह-विश्लेषणावरचा ग्रंथ बाहेर आला. जीसीसी हा मुक्त कंपायलर आतून कसा चालतो हे देशभरातल्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना शिकवणारे केंद्रही याच विभागात उभे राहिले. एका प्रांतातल्या एका विभागाने तीन-चार दशके एकच विषय धरून ठेवावा आणि त्यात स्वतःचा घाट निर्माण करावा, असे आपल्याकडे विरळाच घडले आहे, म्हणून त्याची नोंद केवळ संशोधनपत्रिकांत राहू नये.

या शास्त्रात वाचणारा म्हणजे कोण, हे गृहीत धरलेले होते. चल वाचला जाईल की नाही हे ठरवताना कंपायलर फक्त आज्ञावलीतल्या आज्ञांकडे पाहतो; आज्ञावलीच्या बाहेरून, परवानगीशिवाय, स्मृतीचा तो तुकडा कोणी वाचू शकेल ही शक्यता त्याच्या हिशोबात मुळातच नाही, आणि ती नसल्यामुळेच त्याचा सिद्धान्त इतका स्वच्छ व निर्दोष राहिला. संकटाचे बीज इथे आहे, आणि ते कोणाच्या हलगर्जीपणाचे नसून एका व्याख्येच्या मर्यादेचे आहे.

दुसरे शास्त्र, सुरक्षेचे, याच काळात शेजारी वाढत होते, पण वेगळ्या घरात. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतील सीटीएसएस या अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या यंत्रणेवर १९६६ साली दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात सर्वांच्या पासवर्डांची यादी छापली गेली. पासवर्ड उघडे साठवूच नयेत, त्यांचे उलट न फिरवता येणारे कूटरूप साठवावे, ही युनिक्स या कार्यप्रणालीने घेतलेली वाट रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात तपशिलाने सांगितली. तिने फाइलमधला धोका दूर केला, परंतु टंकलेला पासवर्ड ताडून पाहण्यापुरता तरी स्मृतीत उघडा राहतोच. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३ साली काढलेल्या आणि १९८५ साली सुधारलेल्या निकषांत, ज्यांना मुखपृष्ठाच्या रंगावरून नारिंगी पुस्तक म्हणत, स्मृतीचा तुकडा एका वापरकर्त्याकडून दुसऱ्याकडे जाताना त्यात आधीचा मजकूर उरता कामा नये असे बंधन आले, आणि १९९४ च्या फिप्स १४०-१ या प्रमाणाने कूटयंत्रातील किल्ल्या शून्यवत करण्याची सोय असलीच पाहिजे असे सांगितले. नारिंगी पुस्तकातले बंधन कार्यप्रणाली पाळू लागल्या, आणि एका प्रोग्रामची स्मृती दुसऱ्याला देताना ती धुऊन देण्याचा शिरस्ता पडला. एकाच प्रोग्रामच्या पोटात, एका कामाचा अवशेष त्याच्याच दुसऱ्या कामाच्या हाती लागण्याचा प्रश्न मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोपवलेला राहिला.

ही दोन शास्त्रे समोरासमोर आली ती सी भाषेत. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या या भाषेचे अमेरिकी प्रमाण १९८९ साली ठरले, आणि त्यात कंपायलरला मोठी मोकळीक देणारे एक तत्त्व नमूद झाले: आज्ञावलीचे बाहेरून दिसणारे वर्तन, म्हणजे तिने फायलींत लिहिलेले, पडद्यावर दाखवलेले आणि व्होलाटाइल अशी खूण केलेल्या चलांशी केलेले व्यवहार, जसेच्या तसे राहिले की आत काय करायचे ते कंपायलरने ठरवावे. व्होलाटाइल ही खूण मुळात यंत्राच्या उपकरणांशी बोलणाऱ्या जागांसाठी होती. अशा जागेचे वाचन-लेखन कंपायलरने कधीही गाळू नये असा तिचा अर्थ. साध्या चलाच्या स्मृतीत शेवटी काय उरले हे दिसणाऱ्या वर्तनात मोडत नाही. आता पासवर्ड तपासणारे एखादे फंक्शन, म्हणजे एक काम करून परत फिरणारा आज्ञांचा गट, डोळ्यांपुढे आणावे: ते चौसष्ट अक्षरांची जागा तात्पुरती घेते, तीत पासवर्ड भरते, कूटरूपाशी ताडते, मग मेमसेट या प्रमाणित फंक्शनने ती जागा शून्यांनी भरते आणि परत फिरते. उलट दिशेने चालणारा जिवंतपणाचा हिशोब परत फिरण्याच्या आज्ञेपाशी सुरू होतो. तिथे त्या जागेची मुदत संपते, पुढे तिला वाचणारे कोणी नाही, म्हणजे ती मृत आहे, म्हणजे मेमसेटचे लेखन मृत आहे, म्हणजे ते काढावे. अनेक कंपायलर मेमसेटचा अर्थ आतून ओळखतात, त्यामुळे त्यांना तो हिशोब अधिकच सोपा जातो. परिणामी लिहिणाऱ्याच्या मूळ आज्ञावलीत पुसण्याची ओळ ठसठशीत दिसते, तपासणाऱ्यालाही ती दिसते, आणि यंत्रात ती नसते.

ही उणीव चाचणीत सापडत नाही, हे तिचे सर्वांत वाईट लक्षण होय. चाचणी घेताना बहुधा काटकसर बंद ठेवलेली असते, तेव्हा पुसणे घडते; ग्राहकाला द्यायची प्रत काटकसर चालू ठेवून बनते, तेव्हा ते नाहीसे होते; आणि दोन्ही प्रतींची उत्तरे तंतोतंत सारखी येतात, कारण उत्तर सारखे ठेवणे ही काटकसरीची पहिली अट आहे.

२००२ च्या शरद ऋतूत मायक्रोसॉफ्टमधील सुरक्षातज्ज्ञ मायकेल हॉवर्ड यांनी ही गोष्ट उदाहरणासह लिहून जाहीर केली, आणि काही आठवड्यांत ती सर्वत्र चर्चेत आली. जीसीसीकडे त्याच नोव्हेंबरमध्ये तक्रार नोंदवली गेली, पण कंपायलर प्रमाणाप्रमाणेच वागत असल्यामुळे तो दोष मानला गेला नाही. ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या कूटलेखन-संग्रहाने त्या वर्षीच्या डिसेंबरमधील आवृत्तीत स्वतःचे पुसणारे फंक्शन आणले, जे शून्यांऐवजी बदलत्या किमती भरत असे, आणि विंडोज सर्व्हर २००३ बरोबर मायक्रोसॉफ्टचे सिक्युअर-झीरो-मेमरी आले, ज्यात व्होलाटाइलची खूण या कामी वळवलेली होती. जीसीसीच्या कर्त्यांची भूमिका कोरडी वाटली तरी तर्काला धरून होती, हे मान्य केले पाहिजे: भाषेत जे सांगण्याची सोय नाही ते कंपायलरने ओळखावे अशी अपेक्षा ठेवली, तर कोणती ओळ सुरक्षेसाठी आणि कोणती अनवधानाने राहिलेली, हे त्याने कशावरून ठरवावे? खरी जबाबदारी भाषेच्या प्रमाणाकडे होती, आणि प्रमाणाने ती उचलायला वीस वर्षांहून अधिक काळ घेतला.

मधल्या काळात अवशेषांचा धोका कल्पनेतला नाही हे एकामागून एक सिद्ध होत गेले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००४ साली अख्खा संगणक नक्कलयंत्रात चालवून पासवर्डची अक्षरे कुठे कुठे फिरतात याचा माग काढला, तेव्हा मोझिला, अपाची, पर्ल आणि ईमॅक्स या नावाजलेल्या प्रोग्रामांत तो लवकर पुसण्याची तजवीज जवळजवळ नव्हती, आणि अक्षरे कार्यप्रणालीच्या कळफलकासाठी राखलेल्या जागांतही रेंगाळत होती. २००८ साली प्रिन्स्टनच्या नेतृत्वाखालील गटाने आजची स्मृतीही वीज बंद केल्यावर काही सेकंद, आणि थंड केल्यास त्याहून बराच काळ, मजकूर धरून ठेवते आणि तिच्यातून किल्ल्या काढता येतात हे दाखवले. मग एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला: ओपनएसएसएलच्या काही आवृत्त्या समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवून आपल्याच स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा उत्तरादाखल पाठवून देत, आणि मागणी कितीही वेळा करता येई. चोराला दुसऱ्या प्रोग्रामच्या स्मृतीत शिरण्याची गरजच उरली नाही. नारिंगी पुस्तकाने उभारलेली भिंत शाबूत असताना प्रोग्रामने स्वतःच आपले पोट उघडून दाखवले. सतत वापरात असणारी किल्ली पुसण्याने वाचली नसती, कारण ती स्मृतीत ठेवणे भागच असते. पण होऊन गेलेल्या व्यवहारांचे पासवर्ड तिथे मिळावेत याला पुसण्यातली उणीव कारण होती.

दरम्यान निरनिराळ्या प्रकल्पांनी आपापले तोडगे काढले, आणि त्यांतला प्रत्येक तोडगा कंपायलरच्या अज्ञानावर उभा होता. पुसणारे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे म्हणजे कंपायलरला त्याचे पोट दिसणार नाही, ही युक्ती बराच काळ चालली. पण सर्व फायली जोडताना पुन्हा एकदा संपूर्ण आज्ञावलीवर काटकसर करण्याची सोय जीसीसीत २०१० साली आली आणि ते अज्ञान संपुष्टात येण्याची वाट मोकळी झाली. फंक्शनचा पत्ता व्होलाटाइल चलात ठेवून त्यामार्फत हाक मारणे, चल व्होलाटाइल असल्याचे भासवून एकेक अक्षर पुसणे, असेही उपाय झाले. शेवटच्या उपायात मूळ चल साधाच असल्याने प्रमाणाचे संरक्षण त्याला खरोखर मिळते का यावर वाद होता, जरी व्यवहारात तो बहुधा टिके. सर्वांत विचारपूर्वक उपाय एका रिकाम्या आज्ञेचा आहे: यंत्रभाषेचा एक तुकडा, ज्यात एकही आज्ञा नाही, तो मेमसेटच्या पाठोपाठ ठेवायचा आणि कंपायलरला सांगायचे की हा तुकडा या स्मृतीचे वाचन करू शकतो. जिवंतपणाच्या हिशोबाला हवा असलेला वाचणारा त्याला मिळतो, चल जिवंत ठरतो, लेखन राहते आणि यंत्राचा एक क्षणही वाया जात नाही. इतर उपाय कंपायलरपासून काहीतरी लपवतात. हा त्याच्याशी त्याच्याच शास्त्राच्या परिभाषेत बोलतो, म्हणून तो सरस मानावा लागतो. लिनक्सच्या गाभ्यात २०१४ साली आलेले पुसण्याचे फंक्शन याच वाटेने गेले.

ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने त्याच वर्षी एक्स्प्लिसिट-बीझीरो हे फंक्शन आपल्या मूळ संग्रहात दिले आणि लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी भाषेच्या संग्रहाने ते २०१७ साली स्वीकारले. प्रमाणाच्या पातळीवर २०११ च्या सीमध्ये मेमसेट-एस हे न गाळता येणारे पुसण्याचे फंक्शन आले होते, पण ते ऐच्छिक परिशिष्टात असल्यामुळे ग्लिबसीसह अनेकांनी ते कधीच दिले नाही, आणि ऐच्छिक सुरक्षा ही बहुतेकांच्या वाट्याला न येणारी सुरक्षा ठरते हे या परिशिष्टाच्या इतिहासातून स्पष्ट दिसते. २०१७ साली यूझनिक्स या संघटनेच्या सुरक्षा परिषदेत कॅलिफोर्नियातील संशोधकांनी तोवरच्या सर्व युक्त्यांची छाननी मांडली. त्यांना प्रचलित प्रकल्पांतही पुसण्याच्या निष्फळ ठरलेल्या आज्ञा सापडल्या, आणि त्यांनी क्लँग या कंपायलरमध्ये असे लेखन न गाळणारी सोय करून दाखवली. अखेर सी भाषेच्या नव्या प्रमाणात, जे सी२३ या नावाने ओळखले जाते आणि २०२४ साली प्रसिद्ध झाले, मेमसेट-एक्स्प्लिसिट हे फंक्शन मुख्य संग्रहात दाखल झाले, आणि त्याने केलेले लेखन काटकसरीच्या नावाखाली गाळायचे नाही हा हेतू तिथे शब्दांत नोंदवला गेला. १९८९ च्या प्रमाणापासून मोजले तर या एका आज्ञेला भाषेत घर मिळायला पस्तीस वर्षे लागली.

तरीही हे घर अपुरे आहे, आणि त्याचे कारण पुन्हा कंपायलरच्या कामाच्या रीतीत आहे. नाव दिलेली जागा पुसली तरी त्याच मूल्याच्या प्रती कंपायलरने प्रोसेसरच्या रजिस्टरांत, म्हणजे हिशोबासाठी प्रोसेसरच्या आतच असलेल्या मोजक्या कप्प्यांत, आणि तिथे दाटी झाल्यावर स्मृतीतल्या निनावी जागांत केलेल्या असू शकतात, ज्यांचा पत्ता लिहिणाऱ्याला सांगताच येत नाही. एक्स्प्लिसिट-बीझीरोच्या माहितीपत्रकात तर असा इशारा आहे की जे मूल्य एरवी फक्त रजिस्टरात राहिले असते, ते पुसण्यासाठी पत्ता हवा म्हणून कंपायलर स्मृतीत उतरवू शकतो. म्हणजे पुसण्याच्या आज्ञेमुळेच एक प्रत वाढते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ साली फंक्शनच्या शेवटी त्याने वापरलेली सर्व तात्पुरती जागा आणि रजिस्टरे पुसणारा कंपायलर करून पाहिला, आणि जीसीसीच्या २०२१ मधील अकराव्या आवृत्तीत परत फिरताना वापरलेली रजिस्टरे शून्य करण्याचा पर्याय आला. लिनक्सच्या गाभ्याने २०१९ पासून मोकळी केलेली स्मृती लगेच धुण्याचा पर्याय दिला आहे. हे सर्व उपाय थोडा वेग खर्ची घालतात, आणि तो खर्च योग्य आहे. काटकसर ज्या काळी अपरिहार्य होती तो काळ मागे पडला, तर गुपितांची संख्या मात्र तालुक्याच्या गावापर्यंत पसरली.

मूल्यप्रवाहाच्या शास्त्राला पुसण्याचे वावडे नाही, याचा पुरावा पवईच्याच कामात आहे. खेडकर, सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जावासारख्या भाषांतील हीपवरच्या, म्हणजे चालता चालता मागून घेतलेल्या स्मृतीतल्या, दुव्यांचा जिवंतपणा मोजण्याची रीत मांडली आहे. एखादा दुवा एका ठिकाणानंतर पुन्हा वापरला जाणार नाही असे सिद्ध झाले की त्या ठिकाणी तो रिकामा करणारी आज्ञा कंपायलरने आपण होऊन घालावी, म्हणजे निरुपयोगी स्मृती लवकर परत मिळेल, असा तिचा हेतू आहे. हेतू जागेच्या बचतीचा आहे, गुप्ततेचा नाही, आणि दुवा रिकामा केल्याने त्याच्या टोकाचा मजकूर पुसला जात नाही. परंतु मूल्य शेवटचे कुठे वाचले जाते ती जागा नेमकी शोधून तिथे नवी आज्ञा घालणे हे काम त्यात पूर्ण सिद्ध झालेले आहे, आणि गुप्त किल्ली पुसायची तर ती नेमक्या त्याच जागी पुसावी लागते. जिवंतपणाच्या ज्या हिशोबाने मेमसेटची ओळ निरुपयोगी ठरवली, तोच हिशोब गुप्त म्हणून खूण केलेल्या चलांसाठी पुसण्याची आज्ञा कंपायलरकडून घालून घेऊ शकतो. त्यासाठी भाषेत तशी खूण हवी, आणि चलाच्या सर्व निनावी प्रतींपर्यंत तो हिशोब पोहोचवायला हवा. सी२३ ने दिलेले फंक्शन लिहिणाऱ्याने आठवणीने वापरावे लागते. चलावर अशी खूण करण्याची सोय त्या प्रमाणात अजून नाही.